आधी पाणी पी, मग बोल

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या ज्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकतात, तिथं अगदी आत्ता-आत्तापर्यंत डॉ. लीला खोराटे लोकांची लघवी तपासायच्या. 'पॅथॉलॉजी लॅबोरेटरी चालवायच्या' असं मला सभ्यपणे लिहिता आलं असतं, पण ते त्यांना चाललं नसतं. लघवी हा शब्द तोंडातून फुटत नाही म्हणूनच बायका दुखणं अंगावर काढतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि हे मत त्या भर रस्त्यावर मांडायच्या. ओळखीची एखादी बाई समोरून चालली की दारातूनच हाक, "काय गं, उन्हाळी थांबली का न्हाय?" लघवीच्या जळजळीला आमच्याकडं उन्हाळी म्हणतात. ती बाई पदर तोंडाला लावून सटकायची. समोरचा पानपट्टीवाला एकदम आभाळाकडं बघायला लागायचा. मॅडम त्यालाही सोडायच्या नाहीत.

"वर काय बघतोस? तुझी आय काय लघवीला जात न्हवती?"

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या बऱ्याचशा ओळखी तशाच होतात. आम्ही काही जणी बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी मुताऱ्या मागत होतो, अजूनही मागतो आहोत. सकाळी टोपली घेऊन बसलेली बाई अंधार पडेपर्यंत उठत नाही, कारण उठून जायला जागाच नाही. पुरुषाला भिंत पुरते. बाईनं काय करायचं? हा प्रश्न विचारला की साहेब लोक फाइल बंद करून चहा मागवतात. तर त्यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. मथळा होता, 'घाणीचे बळी'. त्याच्यावर एखाद्या डॉक्टरची सही असावी म्हणून कच्ची प्रत घेऊन मी खोराटे मॅडमच्या गाळ्यात शिरले आणि शिरल्या शिरल्या भाषण सुरू केलं.

त्यांनी तांब्या पुढं सरकवला. "आधी पाणी पी, मग बोल."

हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. पेशंट असो, वर्गणी मागणारा असो, नाहीतर वीजबिलाची चौकशी करायला आलेला माणूस. पितळेचा तांब्या टेबलावर कायम भरलेला आणि वर फुलपात्र पालथं. ते रिकामं होईपर्यंत त्या समोरच्याच्या गळ्याच्या घाटीकडं बघत राहायच्या.

मी पाणी प्यायले. त्यांनी पत्रक वाचलं.

"हे कुणी लिवलंय?"

"मी."

"अक्षर चांगलं हाय."

"टाइप केलंय मॅडम."

"मग टायपिंग चांगलं हाय. मजकूर चुकलाय."

मी लिहिलं होतं की घाणेरड्या शौचालयातले जंतू बायकांच्या शरीरात चढतात. मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा जंतू संडासाच्या भांड्यातनं उडी मारून येत न्हाय. तुझ्याच आतड्यातला हाय तो. तुझ्या बारशाला बी हुता. आत्ता तू माझ्याकडं डोळं वटारून बघतीस, तवाबी आत निवांत बसलाय. तितं त्याचा काय तरास न्हाय. मागनं पुढं आला की तरास. आन बाईचा लघवीचा रस्ता आखूड. ती रचना हाय शरीराची, तितं मोर्चा न्हेऊ नकोस."

"म्हणजे घाण चालते म्हणता?"

"घाण कशी चालंल? मला नाक न्हाय व्हय? पण हे वाचून बाई काय करंल सांग. हाय ती मुतारीबी टाळंल. दाबून बसंल. आन दाबायला लागू ने म्हणून पाणी सोडंल. म्हंजे जंतूला पायजे ते आयतं झालं. लघवीच्या पिशवीत पाणी साठलेलं, हलत न्हाय, डुलत न्हाय. त्याला बसायला पाट आन जेवायला ताट."

मला राग आला होता, कारण त्या बरोबर होत्या. निघताना त्या म्हणाल्या, "असं लिव की. मुतारी न्हाय म्हणून बाई पाणी पीत न्हाय, आन पाणी पीत न्हाय म्हणून आजारी पडती. ह्यात खोटं काय न्हाय, आन सायबाला पळायला वाटबी न्हाय." पत्रक नव्यानं लिहिलं. त्यांनी खाली सही केली, ती पण एवढी मोठी की मजकूर तिच्यापुढं लहान दिसला. त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली' झाले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

मॅडम उसाच्या पट्ट्यातल्या एका गावातल्या शेतकरी घरातल्या. शिकून डॉक्टर झाल्या, पुढं जंतुशास्त्रात शिकल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या, आणि एवढं सगळं करून बोलणं मात्र बांधावरचंच ठेवलं. स्वतःबद्दल बोलतानाही आमच्या भागातल्या पोरींसारखं 'मी येतो, मी बघतो'. सुती साडी, खाली पांढरे बूट, चष्मा कायम कपाळावर. मायक्रोस्कोप खिडकीशी, रस्त्याच्या बाजूला. कुणीतरी विचारलं होतं, आत का नाही ठेवत? तर म्हणाल्या, "आत कोण बघणार?" येईल त्याला बघायला लावायचं, हा त्यांचा छंद होता. पेशंटला नुसता रिपोर्ट देऊन पाठवणं त्यांना चोरीसारखं वाटायचं.

एकदा मी तिथं बसलेली असताना एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. गृहस्थ पुढं, बायको मागं.

"हिला सारखं हुतंय," ते म्हणाले. "स्वच्छता पाळत न्हाय ती."

बायको खाली बघत होती. माझ्या तोंडात शब्द तयार झालेच होते, पण मॅडमनी काच लावली आणि गृहस्थांना स्टुलावर बसवलं.

"या पावणं. एक डोळा मिटा. तो न्हवं, दुसरा. काय दिसतंय?"

"गोल गोल ठिपकं."

"आन बारीक काड्या?"

"व्हय, हाईत की."

"काड्या म्हंजे जंतू. गोल हाईत ते तुमच्या बायकोचं सैन्य. रगतातनं धावत आलंय. तुम्ही घोरत हुता, तवा हितं लढाई चालली हुती. एकेकानं किती काड्या गिळल्यात ते बघा."

गृहस्थ बराच वेळ डोळा लावून बसले. मग मान वर करून बायकोकडं असं बघितलं, जशी काही तिची नवीनच ओळख झाली. "लई हाईत गं तुझं," एवढंच म्हणाले.

"असणारच," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यासंगं संसार करती. लढायची सवय हाय तिला."

ती बाई पहिल्यांदा हसली. अजून आठवतं मला ते हसणं. मी किती सभा घेतल्या, पण एका वाक्यात एवढं काम माझ्याकडून झालेलं नाही.

शरीर आणि जंतू यांच्यातलं हे भांडण त्या रंगात येऊन सांगायच्या. मी एकदा विचारलं, लघवीनं सगळं धुऊन जातं, मग हा मेला राहतो कसा? त्यांनी चष्मा खाली ओढला. ही त्यांची बैठक मारायची खूण.

"जे चिकटत न्हाय ते जातंय धुऊन. म्हणून ह्यानं आपल्या अंगाला दोरं फोडल्यात. दोऱ्याच्या टोकाला अशी खोबण, की ती साखरेलाच धरती. आन पिशवीच्या आतल्या भिंतीला साखरेचा पातळ थर हाय. कोल्हापूरचा जंतू. गूळ दिसला की चिकटणारच!" स्वतःच्या विनोदावर मनसोक्त हसून पुढं, "आता गंमत बघ. धार जोरात आली तर सुटायला पायजे का न्हाय? तर तो उलटा घट्ट धरतोय. गवतातनं गेलीस की साडीला कुसळ लागतंय ना? वढशील तितकं आत शिरतंय. तसलीच जात ही."

"मग शरीर हरलंच की."

"हरतंय कशानं? मूत्रपिंडातनंच एक धाग्यांचं जाळं सुटतंय लघवीत. त्याच्यावर तीच साखर. जंतूला वाटतं हीच भित. धरतो, आन जाळ्यासकट भाईर. तरी एखादा भितीला चिकटलाच, तर पिशवी आपली वरची कातडीच टाकून देती. छपराला जाळ लागला की माणूस पेटलेलं गवात उपसून खाली फेकतो का न्हाय? तसं. बाई म्हणती आग हुती. हुणारच. आत भित सोलून निघालीया."

मग सावकाश म्हणाल्या, "पण काही जंतू भितीच्या आत घुसून दडत्यात. हरळीचं गवात बघितलंस? रान भांगलून स्वच्छ केलं, पाणी पाजलं, की परत हिरवं. तसं ते परत येत्यात. त्यात बाईचा काय दोष?"

"मग हुशार कोण? शरीर का जंतू?"

"दोघंबी. लई पिढ्यांची भाऊबंदकी हाय ती. एकमेकाची खोड पाठ हाय."

औषधाच्या बाबतीत मात्र त्या कंजूष. एका म्हाताऱ्या आजोबांना घेऊन मुलगा आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. आजोबांच्या लघवीत जंतू उगवले होते आणि मुलाला तगडी गोळी हवी होती.

"आजोबा, जळजळ?"

"न्हाय."

"ताप? पोटात दुखणं?"

"कशाचं काय. दोन भाकऱ्या खातो."

मॅडम मुलाकडं वळल्या. "मग गोळी कुणाला देऊ? औषध माणसाला देत्यात, कागदाला न्हाय. तो जंतू गप बसलाय, त्याला बसू दे. त्याला हुसकला तर त्याच्या जागी कोण दांडगा येईल, त्याला तुझी गोळी काय करणार न्हाय."

मुलगा चिडून गेला. आजोबा जाताना फुलपात्रभर पाणी पिऊन गेले. मला तर ते वाक्य एवढं आवडलं की मी पुढच्याच पत्रकात घातलं. 'औषध माणसाला देतात, कागदाला नाही.' ठळक अक्षरात.

आणि त्याच वाक्यावरून मॅडम माझ्यावर उखडल्या. ती गोष्ट सारिकाक्काची.

सारिकाक्का माझी मामेबहीण. माहेर कळंब्याचं, दिली जोतिबाच्या डोंगरावर. देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे, सासू आणि ती मिळून बघतात. नवरा, दीपकदाजी, कोल्हापुरात कामाला. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. ताप आला होता, मग कळा, मग संपलंच सगळं. ताप कशाचा ते कुणी बघितलं नाही. 'देवाची मर्जी' म्हणाले. कुणाला काही विचारावं लागू नये यासाठी हे वाक्य फार सोयीचं आहे. आता ती पुन्हा सहा महिन्यांची होती, आणि घरात कुणी त्याबद्दल मोठ्यानं बोलायचं नाही. पाळण्याचा विषय निघाला की मामी उठून स्वयंपाकघरात जायची.

मध्ये तिला उन्हाळी लागली होती. डोंगराखालच्या एका डॉक्टरनी गोळ्या दिल्या, जळजळ गेली. तरी मी तिला मॅडमकडं घेऊन गेले होते, आणि मॅडमनी बजावलं होतं की गोळ्या संपल्यावर पुन्हा लघवी तपासायची. त्या शुक्रवारी आम्ही गेलो. सारिकाक्काचं लक्ष घड्याळाकडं.

"आता कायसुदिक तरास न्हाय मॅडम. कशाला परत? रविवारी खेटं हाईत, दुकानात माल भरायचा हाय."

माघात रविवारी लोक कोल्हापुरातून चालत जोतिबाला जातात, त्याला खेटे घालणं म्हणतात. डोंगरावरच्या दुकानांची ती सुगी.

मीही म्हणाले, "त्रास नाही तर राहू दे की मॅडम. तुम्हीच म्हणता, कागदाला औषध..."

"तोंड मीट," मॅडम म्हणाल्या. एरवी त्या ओरडायच्या. हे हळू म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. "ते आजोबांचं. पोटुशी बाईला तो न्याय लागत न्हाय. हिच्या मूत्रपिंडातनं खाली येणाऱ्या नळ्या आता ढिल्या पडल्यात. वरनं गर्भाचा भार. पाणी पाटात तुंबल्यागत हुतं. तुंबल्या पाण्यात हा जंतू उलटा वर चढतो, आन चढताना सांगत न्हाय. वर पोचला की मग ताप. तो ताप पोटातल्याला झेपत न्हाय." मग सारिकाक्काकडं वळून, "तुझं पयलं कशानं गेलं? कुणी बघितलं का?"

सारिकाक्का फरशीकडं बघत होती. "न्हाय."

"मग आता मी बघतो."

बाटली ठेवून घेतली. जंतू उगवायला एक दिवस लागतो आणि तो कोणत्या औषधानं मरतो ते कळायला आणखी एक. रविवारी सकाळी मॅडमचा फोन आला. "पत्रकवाले, तुझी स्कूटी घेऊन ये."

गाळा उघडा होता. टेबलावर ताटलीसारखी प्लेट, तिच्यात औषधांच्या बारीक टिकल्या. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल रिकामं राहतं. सारिकाक्कानं घेतलेल्या गोळीच्या टिकलीला जंतू अगदी खेटून उगवले होते.

"ही गोळी त्यानं चघळून थुकली," मॅडम म्हणाल्या. "जळजळ थांबली, जंतू न्हाय थांबला. फोन लाव तिला."

लागेना. खेट्याच्या गर्दीत डोंगरावर फोन लागत नाही. दीपकदाजींचा लागला. ते मालाच्या टेम्पोत, तेही अडकलेले. मॅडमनी गाळ्याला कुलूप लावलं आणि पांढरे बूट सावरत माझ्या मागं एकांगी बसल्या.

वाटेत माणूसच माणूस. अनवाणी पाय, गुलालानं माखलेली डोकी, 'चांगभलं'चा गजर. डोंगराच्या पायथ्याला पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. काठी घेऊन उभी असलेली कॉन्स्टेबल पोरगी आम्हाला पुढं सोडेना. मी आवाज चढवला. तीही चढवायला लागली. मॅडम खाली उतरल्या आणि तिला म्हणाल्या, "व्हट सुकल्यात तुझं. सकाळपासनं पाणी प्यालीस का?"

ती पोरगी गडबडली. "न्हाय मॅडम. पिऊन जायाचं कुठं?"

"व्हय की. तसंच एक पोरगी वर बसलीया दुकानात, पोटुशी. तिच्या अंगात जंतू चढल्यात. तिच्याकडं जातो मी."

काठी बाजूला झाली.

वर स्कूटी लावून आम्ही गर्दीतून दुकानापर्यंत पोचलो, तर दुकानासमोर बायकांचं कोंडाळं. मध्ये सारिकाक्का. पोत्यावर बसलेली, अंगावर शाल, आणि थरथर कापत होती. दात एकमेकांवर आपटत होते, केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. कुणीतरी तिच्या कपाळाला गुलाल फासला होता. समोरच्या बायका हात जोडून उभ्या होत्या. एक जण तर वाकून विचारत होती, "देवा, माझ्या लेकीचं जमंल का औंदा?"

"वारं आलंय सुनंच्या अंगात," तिची सासू मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं होतं. "देवानं वळखलं गं तिला. आता पोर ऱ्हातंय बघ."

माझ्या डोक्यात जे काही उसळलं ते मी इथं लिहीत नाही. एक अख्खं पत्रक तोंडात तयार होतं. पण मॅडमनी माझं मनगट असं आवळलं की ते बाहेर पडलंच नाही.

"भाषण खाली गेल्यावर कर," त्या कानात म्हणाल्या. आणि पुढं जाऊन त्यांनी सारिकाक्कासमोर हात जोडले. खरोखर जोडले, दाखवायला नाही. मग तिच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या आणि तिच्या मानेवर हात ठेवला.

"पावणं," त्या सासूला म्हणाल्या, "देव आला असंल. मी न्हाय कुठं म्हणतो? पण देवाला ताप येत न्हाय. जरा हात लावून बघा."

सासूनं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

मॅडमनी सारिकाक्काच्या पाठीवर, बरगडीखाली, मूत्रपिंडाच्या जागेवर, मुठीनं हलकेच टकटक केलं. ती किंचाळली. "आई गं! तितं नको... सकाळपासनं कळ मारतीया तितं. वाटलं, बसून बसून असंल."

"पाणी प्यालीस?"

तिनं मान हलवली. "जायाचं कुठं? गिऱ्हाइक हाय."

आता सासूबद्दल. मी तिच्याविषयी मनात काय काय ठरवून टाकलं होतं. पण पुढचं काम तिनं केलं. ती उठली, आणि ज्या आवाजात ती वर्षानुवर्षं गुलाल विकते त्या आवाजात ओरडली, "सरका गं! सरका सगळी! पोरीला ताप हाय माझ्या! माझं नातवंड हाय पोटात!" हात जोडलेल्या बायका दचकून मागं झाल्या, आणि लगेच त्यांतल्याच दोघींनी सारिकाक्काला धरलं. लेकीचं लग्न विचारणारी बाई तर पुढं पळत वाट काढत होती, "पोटुशी हाय, वाट सोडा, पोटुशी हाय!" गर्दीनं वाट दिली. खेट्यासाठी उभी असलेली अँब्युलन्स मिळाली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा मॅडमनी ड्युटीवरच्या डॉक्टरला जंतू कोणता, कोणतं औषध चालत नाही, कोणतं चालतं आणि पोटातल्या बाळाला सोसतं, ते सगळं सांगून टाकलं. ते इंजेक्शन लगेच सुरू झालं. शुक्रवारची ती बाटली नसती, तर तिथंही आधी त्या न चाललेल्या गोळीच्याच जातीचं काहीतरी सुरू करून वाट बघितली असती, असं त्या डॉक्टरनीच मला नंतर सांगितलं. वाट बघायला सारिकाक्काकडं वेळ नव्हता.

मग बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र आलं. पडद्याबाहेर आम्ही उभे. आत खरखर, खरखर, आणि मग एकदम पळत्या घोड्यासारखा आवाज. सासू जिथं उभी होती तिथंच जमिनीवर बसली. दीपकदाजी धावत आले होते, ते भिंतीला तोंड लावून रडत होते. मला वाटलं मॅडम काही तरी बोलतील. त्या पाण्याच्या टाकीकडं गेल्या आणि ग्लास भरून भरून सगळ्यांना वाटत राहिल्या, लग्नातल्या वाढप्यासारख्या.

ताप हटायला वेळ लागला, पण हटला. त्यानंतर दर महिन्याला सारिकाक्काची बाटली मंगळवार पेठेत यायची, आणि ती घेऊन सासू स्वतः यायची. डोंगरावरच्या दुकानदार बायकांनी आपापसात ठरवून टाकलं, एक उठली की शेजारीण तिचं दुकान बघणार, आणि जवळच्या घरांनी आपलं दार उघडं ठेवायचं. सासू तर भर गिऱ्हाइकात ओरडायची, "सारिका, ऊठ, लघवीला जाऊन ये! मी बसतो हितं!" गिऱ्हाइकं नारळ हातात धरून इकडंतिकडं बघायची. बायकांनी आपली सोय आपण करून घेतली म्हणून साहेबांची जबाबदारी संपत नाही, हे मी पत्रकात लिहिलंच आहे, पुन्हा लिहीन. पण डोंगरावर ती हाक ऐकली की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरायचं, हेही खरं.

दिवस भरून मुलगा झाला. काळासावळा, रडायला खणखणीत.

बारसं कळंब्याला मामाच्या घरी होतं. मॅडम आल्या त्या सरळ गाळ्याची किल्ली मालकाला देऊन. हात कापायला लागले होते, काच नीट धरता येत नव्हती, म्हणून लॅब बंद केली होती आणि संध्याकाळी निपाणीला लेकीकडं निघाल्या होत्या, कायमच्या. हे त्यांनी घुगऱ्या खाता खाता सांगितलं, जसं काही उद्या भाजीला जाणार आहेत.  तेवढ्यात सासूनं बाळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "घ्या मॅडम. तुमचंच हाय."

बाळानं त्यांच्याकडं एकदा बघितलं, पाय झाडले, आणि धार सोडली. साडीवरून, घुगऱ्यांच्या वाटीवरून, थेट पलीकडच्या सतरंजीपर्यंत. बायका "अगंऽ अगंऽ" करत धावल्या. मामी कपडा घेऊन आली. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"थांबा गं! हुंद्या पुरं त्याचं." आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन धार संपेपर्यंत बघत राहिल्या. "झ्याक. अडतबी न्हाय, थांबतबी न्हाय." मग मान वर करून म्हणाल्या, "जन्मभर समद्यांची बाटलीतनं बघितली. थेट मला आणून देणारा हा पयलाच."

सारिकाक्का एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मामीनं बदलायला साडी काढली, मॅडमनी घेतली नाही. बसची वेळ झाली होती. मी त्यांची पिशवी घेऊन रिक्षापर्यंत गेले. पुढून निऱ्यांवर भलामोठा ओला डाग, आणि त्या तो पदरानं झाकायचाही प्रयत्न न करता ताठ चाललेल्या.

रिक्षावाला म्हणाला, "मावशी, साडी भिजलीया की."

"व्हय," मॅडम आत बसत म्हणाल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "आमचं बाळ मुतलंय!"